खोली मोठी होत गेली

१

लालबागच्या त्या चाळीत दुपारचे अडीच वाजले की तात्यांचे पाय दाराबाहेर यायचे.

गुणाजी घाडी हे त्यांचं नाव, पण अख्खी चाळ तात्याच म्हणायची. पाच फूट दहा इंचांचा हाडापेराचा माणूस, आणि खोली दहा बाय बाराची. त्यात कपाट, ओटा, मोरी, गेलेल्या बायकोचं शिवणाचं मशीन. उरल्या जागेत चटई टाकली की डोकं कपाटाला टेकायचं आणि घोट्यापुढचे पाय उंबरा ओलांडून गॅलरीत. चाळीस वर्षं हेच. शेजारच्या रमाबाई कळशी घेऊन जाताना खाली न बघता त्या पायांवरून पाऊल टाकायच्या.

रुपाली ही तात्यांची एकुलती लेक. शिकून आर्किटेक्ट झालेली, चौतिशीची, कोणी लग्नाचं काढलं की चप्पल घालून खाली उतरणारी. अकरा वर्षं एका मोठ्या फर्ममध्ये तिने इमारती काढल्या आणि पाटीवर नाव लागलं साहेबांचं. शेवटी नोकरीवर पाणी सोडलं, दादरला एका शिकवणीच्या क्लासवरची अर्धी खोली भाड्याने घेतली, वर्षभर लोकांचे ओटे नि संडास काढले, तेव्हा कुठे हे काम दारात आलं.

दादर चौपाटीच्या कडेला विजयकरांची जुनी बंगली होती, ती पाडून तिथे नवी इमारत. मालक राजस विजयकर, पिढ्यान्‌पिढ्यांचा मुंबईकर, बोलणं लोण्यासारखं मऊ. नवे धंदे काढणाऱ्या तरुण पोरांना त्याला तिथे बसायला जागा द्यायची होती. चार पोरं मिळून एक कंपनी, त्या कंपनीला एक टेबल. इमारत अशी हवी की समुद्राला तिचा जाच नको. खांबांवर उभी, म्हणजे उधाणाचं पाणी खालून येईल नि खालूनच जाईल. एसीचं नाव नाही. पश्चिमेचा वारा एका अंगाने आत घ्यायचा आणि जिन्याच्या पोकळीतून वर सोडायचा. पाऊस साठवायचा, तुळया मोडक्या गिरण्यांच्या आणायच्या, गिलावा चुन्याचा करायचा. प्रत्येक मजल्याच्या मधोमध, थकल्या पोरांनी घटकाभर पडावं म्हणून पेटीएवढ्या खोल्या. राजसने त्यांना 'विसावा' म्हणायचं ठरवलं होतं.

"प्रवेशाशी दगडात नाव कोरू," तो म्हणाला. "फक्त तुमचं."

त्या रात्री रुपालीने वहीच्या मागे आपलं नाव ठळक अक्षरांत लिहून पाहिलं होतं.

आता कमी जागेत माणूस कसा मावतो हे तिने पुस्तकातून कशाला शिकायचं? घरातच चाळीस वर्षांचा अभ्यास चटईवर पडलेला. रविवारी तिने टेप काढला. तात्या बसले की गुडघा किती, हात वर केला की बोटं कुठवर, सगळं वहीत उतरवलं. मग अडीच वाजता तात्या झोपले, तेव्हा टाळूपासून टाचेपर्यंत टेप ताणला.

रमाबाई दारात थबकल्या. "अगो बाई! झोपल्या माणसाला टेप लावतात काय? ते एकदाच लावतात, तिरडीसाठी, आणि लावणारे घरातले नसतात."

"काकू, पोरांना पडायच्या जागेसाठी माप हवंय."

"मग पोरांचं घे."

तात्यांनी डोळे मिटूनच म्हटलं, "घेऊ दे गो, रमाबाय. उभ्या जन्मात कोणी माझा माप घेतल्यान नाय. कपडे पण दुसऱ्याचेच घातलंय."

रमाबाई हसल्या, पण कळशी खाली ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. टेप गुंडाळून होईस्तोवर हलल्या नाहीत.

२

नकाशात माणूस काढायची रीत असते. नुसत्या रेघा बघून कोणाला कळत नाही की दार केवढं, टेबल केवढं. बाजूला माणूस उभा केला की डोळ्याला समजतं. बाकीचे आर्किटेक्ट विकत मिळणारी आयती माणसं टाकतात. रुपालीने तात्यांचा फोटो काढून तो कॉम्प्युटरवर रेघेने गिरवला. उभे तात्या, बसलेले तात्या, हात उशाला घेऊन कुशीवर निजलेले तात्या. फाइलला नाव दिलं 'तात्या'. मग त्याच्या नकला करून मजल्यामजल्यावर बसवल्या. त्या नकलांचं असं असतं की मूळ एकच. मुळाला ओढलं की सगळ्या ओढल्या जातात.

गुरुवारी दुपारी राजस आला. पडद्यावरचा एकेक मजला बघत गेला.

"सुंदर आहे. माणसं तर जिवंत वाटतात. पण रुपाली, जरा कोंदट वाटतं हो. विसाव्यात तर तो माणूस कोंबल्यासारखा दिसतोय."

"जागाच तेवढी आहे."

"जागा आहे तेवढीच राहू द्या. मोकळी वाटायला हवी, इतकंच."

मोठ्या फर्ममध्ये शिकलेली एक जुनी लबाडी रुपालीला ठाऊक होती. खोली वाढवता येत नसेल तर माणूस लहान काढायचा. बघणाऱ्याचा डोळा माणसावरून खोली मापतो, माणूस कोण मापायला बसलंय? तिने मूळ आकृती धरली आणि सहा इंचांनी आत ढकलली. पाचही मजले एकदम ऐसपैस झाले.

"बघा," राजस म्हणाला. "झालं की नाही?"

संध्याकाळी ती घरी आली तर गॅलरी ओली, आणि रमाबाई फडक्याने पुसत बसलेल्या.

"तुझा बाप दुपारी कुठे गेला होता गं?"

"कुठे जाणार? घरीच."

"पाय नव्हते बाहेर. मी आपली सवयीने ढांग टाकली नि कळशीसकट आडवी झाले." त्या हसत होत्या, पण फडकं पिळायचं थांबलं होतं. "दार उघडं होतं. तात्या झोपले होते. पाय आत होते."

३

उतारवयात माणूस आखडतो. हे काय रुपालीला माहीत नव्हतं? मणके झिजतात, पाठीला बाक येतो. तात्यांची पाठ पट्टीसारखी सरळ होती, पण आखडायला काय, सगळीकडून आखडत असेल माणूस. खालच्या दवाखान्यातले डॉक्टरही तेच म्हणाले, "वय झालं. कॅल्शियम द्या." त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सकाळी तात्या फळीखाली उभे होते. फळीवर त्यांचा चष्मा असायचा. हात वर, टाचा वर, आणि बोटं फळीच्या कडेला नुसती चाटून येत होती.

"रुपाली, ही फळी कोणी वर चढवली गो?"

"कोणी नाही, तात्या."

"मग माझो हात कित्याक पोचत नाय?"

तिने चष्मा काढून दिला. तो त्यांनी नाकावर चढवला आणि खोलीकडे पाहिलं. कपाट, ओटा, मोरी, मशीन. एकेका वस्तूवर नजर थांबत होती, पाहुणा आल्यासारखी. मग ते हसले. बायको गेल्यापासून इतकं तोंड भरून ते हसले नव्हते.

"खोली मोठी झाली गो," ते म्हणाले. "माका कालच वाटलेला. पाय पसरून झोपलंय बघ, कुठे काय लागूक नाय. तुझ्या आवशीक जन्मभर मोठी खोली होई होती. आता झाली, तर ती नाय."

रुपाली डबा न घेताच कामावर गेली. वाटेत तिने स्वतःलाच सांगितलं, म्हातारपणी होतात भास. तरी दादरला पोचल्यावर फाइल उघडायला तिला चहाचे दोन कप लागले.

४

पुढच्या आठवड्यात कळलं की कायद्याने समुद्रापासून सोडायचं अंतर कमी पडतंय. इमारत नऊ फूट मागे घ्यावी लागणार. राजसला त्याचं दुःख नव्हतं, उलट आनंदच. "इमारत जितकी लहान तितका किनारा मोकळा. हीच तर आपली गोष्ट आहे, रुपाली. कमी जागा घेऊन जगायचं. माणसं मात्र तेवढीच बसली पाहिजेत."

सगळ्या खोल्या आवळल्या. विसाव्याची पेटी तर ट्रंकेएवढी झाली. आकृतीचं डोकं भिंतीतून बाहेर यायला लागलं.

रुपाली हात गुडघ्यांत धरून बसून राहिली. मनाला विचारत होती, तू काय वेडी आहेस? शिकली-सवरलेली बाई तू. पडद्यावरच्या रेघेचा नि लालबागच्या हाडामांसाचा काय संबंध? संबंध नाही, तर मग भ्यायचं काय? आणि भ्यायचं काही नाही, तर मग कर की.

तिने केलं. आकृती चार फुटांवर आणली.

घरी तात्यांनी लेंगा सोडून दिला होता. त्यांचा नेहमीचा सदराच झग्यासारखा पोटऱ्यांपर्यंत आला होता. ते ओट्याखालून, जिथे पिंप असतं तिथून, पोरासारखे वाकून बाहेर आले.

"चालान इलंय," ते म्हणाले. "मोरीपर्यंत जावन परत. पाय दुखले गो, पण बरा वाटला. लोक फिरूक चौपाटीवर जातत. माका घरातच झाला."

रुपालीने दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून ते लोटलेलंच राहायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिने ठरवलं की एकदाचं बघायचंच. फाइल उघडली, मूळ आकृती धरली आणि ओढून पुन्हा पाच फूट दहा इंचांवर नेली. माप अचूक बसलं.

फोन वाजला. रमाबाई होत्या, पण त्यांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, कारण मागे कोणीतरी ओरडत होतं. माणसाचं ओरडणं असतं तसं ते वरखाली होत नव्हतं. एकच सूर, वर वर जाणारा. आणि त्यात कडकड आवाज, ओली लाकडं फोडतात तसा.

"हाडं वाजतायत गं त्यांची!" रमाबाई किंचाळल्या. "ताणतंय कोणीतरी! कोणी नाही इथे नि ताणतंय!"

रुपालीने बोट दाबलं. आकृती परत चार फुटांवर आली. फोनमधलं ओरडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं.

 रमाबाईंनी सावकाश विचारलं, "तू काय केलंस आत्ता?"

"काही नाही, काकू."

"तू काहीतरी केलंस आणि ते थांबलं."

रुपालीने फोन ठेवला. लहान होताना दुखत नाही. मोठं होताना दुखतं. एवढं तिला कळलं, आणि त्यापुढचं कळून घ्यायचं नव्हतं. शुक्रवारी राजसचे पैसेवाले भागीदार नकाशे बघायला येणार होते. तिने पाचवा मजला उघडला आणि खिडक्यांचं काम पुरं केलं.

५

फाइल पुसून टाकायची? बाण त्या खुणेवर नेऊन ती दोनदा बसली. पुसलं म्हणजे काय होईल? लहान करून लहान होतो, तर पुसून? बोट उचलून घेतलं.

मग तिने दुसरी युक्ती काढली. सगळे तात्या गोळा करून बाजूच्या कोऱ्या पानावर ठेवले, चार फुटांचेच, हात न लावता, आणि त्यांच्या जागी विकतची आयती माणसं बसवली. कोट घातलेली, हातात कॉफीचा कप, चेहरा नसलेली.

राजसने बघितल्या बघितल्या नाक मुरडलं. "हे कोण? मेल्यासारखी दिसतायत. ती आधीची माणसं कुठे गेली? तो झोपलेला माणूस बघून तर माझ्या आईलाही तिथे आडवं व्हावंसं वाटलं."

"ती नको."

"तीच हवीत. आणि अजून एक. समुद्राकडून दिसणारं एक मोठं चित्र हवंय. अख्खी इमारत, खाली खांबांतून पाणी, मजल्यामजल्यावर माणसं, अगदी बारीक, मुंग्यांएवढी. इमारत भव्य वाटली पाहिजे."

"त्यांना अजून लहान नाही करता येणार."

"का बरं?"

रुपालीच्या तोंडून निघून गेलं, "ते माझे वडील आहेत."

राजस मोठ्यांदा हसला. वाईट हसला असंही नाही, एखाद्या गोड चेष्टेला हसावं तसा. "मग प्रश्नच मिटला! विचारा की त्यांना. लेकीच्या पहिल्या इमारतीला कोणता बाप नाही म्हणेल?" आणि जाता जाता दारातून, त्याच लोण्यासारख्या आवाजात, "शुक्रवारपर्यंत नाही झालं, तर मला तुमच्या जुन्या साहेबांना विचारावं लागेल. त्यांचे दोनदा फोन येऊन गेलेत. मला आवडणार नाही तसं करायला."

जुने साहेब. पुन्हा त्यांचीच पाटी, आणि रेघा तिच्या.

६

तिने खरंच विचारलं.

गुरुवारची टळटळीत दुपार होती. तात्या उशीवर बसले होते, जमिनीपासून वर, सिंहासनावर बसल्यासारखे, आणि वाटीतून चहा पीत होते. वाटी दोन्ही हातांत. चार फुटांचं माणूस म्हणजे फार लहान नव्हे, दुसरीतल्या पोराएवढं. पण दुसरीतल्या पोराला असा चेहरा नसतो. रुपाली समोर बसली, पण त्या चेहऱ्याकडे न बघता मशीनच्या चाकाकडे बघत बोलली.

"तात्या, माझ्या इमारतीचं काम अडलंय."

"कित्याक?"

"थोडं... अजून थोडं लहान करावं लागेल."

तात्यांनी वाटी खाली ठेवली. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, ते आता त्यांना दुमजली दिसत असणार. पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. गालावर हात फिरवला.

"मग खोली अजून मोठी होतली?"

रुपालीने मशीनचं चाक बोटाने जरासं फिरवलं.

"कर गो," ते म्हणाले. "सात माणसा आम्ही ह्या खोलीत राहिलंव. आजी ओट्याखाली निजायची, मी दारात. कूस बदलूची तर दुसऱ्याक उठवून विचारूचा लागा. आता जरा मोकळा वाटता, तर होऊ दे." मग जरा थांबून, हळू आवाजात, "फक्त किती मोठी, ता माका आधी सांग. म्हणजे पाण्याचो तांब्यो जवळ घेऊन ठेवीन."

माणसाने इतकं समजून बोलावं? की नुसतं म्हातारपणीचं बरळणं? दोनदा विचारलं असतं तर कळलं असतं. रुपालीने दोनदा विचारलं नाही. तांब्या भरून उशीपाशी ठेवला आणि उठली. किती मोठी, तेही सांगितलं नाही.

गॅलरीत रमाबाई उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं.

"तो 'हो' म्हणाला म्हणून तू चाललीस?"

"काकू, तुम्हाला नाही कळायचं."

"मला काय कळायचंय? माझा बाप असता तर त्याचं 'हो' ऐकू येऊ नये म्हणून मी कानात बोटं घातली असती." त्या बाजूला झाल्या, रस्ता द्यायला. "जा. उशीर होतोय तुला."

७

शुक्रवारी पैसेवाले आले, पाच जण. मोठं चित्र भिंतीवर लावलं होतं. संध्याकाळचा समुद्र, खांबांतून सरकणारं पाणी, वर चुन्याच्या भिंती नि गिरणीच्या काळ्या तुळया, आणि मजल्यामजल्यावर मुंग्यांएवढी माणसं, कोणी बसलेलं, कोणी कुशीवर निजलेलं.  एक जण म्हणाला, "मुंबईत एवढी मोकळी जागा!" टाळ्या झाल्या. राजसने दगडाचा नमुनाही आणला होता, काळा, गुळगुळीत. त्यावर खडूने तिचं नाव लिहिलं होतं.

दुपारी चारला ती चाळीत पोचली. रमाबाई आपल्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी घाड्यांच्या खोलीची किल्ली पुढे केली. बारा वर्षं ती त्यांच्याकडे असायची.

"मी आत गेले नाही," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हाक येते. कुठून येते ते कळत नाही. पाऊल टाकायची भीती वाटली. खाली काय असेल सांगता येत नाही."

रुपालीने कुलूप काढलं आणि दार एका बोटाने ढकललं. खोली होती तशीच. दहा बाय बारा. खिडकीतून उन्हाचा पट्टा लादीवर पडलेला. उशी, उशीपाशी भरलेला तांब्या, पाणी काठोकाठ, एक घोटही न घेतलेलं. चटईवर सदरा, रिकामा.

"तात्या?"

काही नाही. पंख्याची पाती स्थिर. आणि मग, ती दुसऱ्यांदा हाक मारणार इतक्या वेळाने, उत्तर आलं. खाडीच्या पलीकडून कोणी हाळी घालावी तसं, वाऱ्याने अर्धं खाल्लेलं.

"इलंय गो... चलतंय... थांब..."

ती उंबऱ्याबाहेरच गुडघ्यांवर बसली, वाकली, गाल उंबऱ्याला लावला. लादी तिच्या डोळ्यासमोर मैदानासारखी पसरली. दूर मोरीच्या कट्ट्याची सावली. त्या सावलीच्या कडेशी काहीतरी हलत होतं, उभं. एक हात पुढे, एक मागे. गिरणीच्या पहिल्या पाळीला वेळेवर पोचायचं असलेल्या माणसाची ती चाल तिने लहानपणी खिडकीतून रोज पाहिली होती. न थांबता चालत होतं. उन्हाचा पट्टा एका लादीवरून सरकून दुसरीवर गेला, तरी ते त्याच लादीवर होतं.

"वारो खूप आसा हय," हाळी आली. "बाय, दार लाव."

पिशवीतला फोन वाजला. राजसचा आवाज आनंदाने फुटत होता. "रुपाली, ते आणखी दोन मजले द्यायला तयार आहेत! चित्र नव्याने करावं लागेल तेवढं. इमारत उंच, म्हणजे माणसं अजून थोडी बारीक घ्यावी लागतील. जमेल ना?"

रुपाली उठली. रमाबाई स्टुलावरून तिच्याकडे बघत होत्या. तिने दार अलगद ओढून घेतलं, कडी घातली. खांद्यावरची ओढणी काढून तिची घडी केली आणि दाराखालच्या फटीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वारा शिरायला जागा उरणार नाही अशी नीट दाबून बसवली.

मग फोन पुन्हा कानाला लावला.

"किती बारीक?" तिने विचारलं.